यंत्र हुशार, हिशेब कच्चा

टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम तुम्हाला ठाऊक असतीलच. पूर्वी हे खेळ प्लॅस्टिकच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये मिळत. डबीतल्या चिपमध्ये बहुधा दोन-चार मेगाबाइट माहिती मावे. उलट लेसर किरणाने वाचल्या जाणाऱ्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सुमारे ६५० मेगाबाइट मावते. शिवाय ती बनवायला स्वस्त! मग गाणी, चित्रफिती, ज्ञानकोश आणि खेळ, सारे एकाच यंत्रावर का असू नये?

अमेरिकेतील ट्रिप हॉकिन्स यांनी हेच मनावर घेतले. १९९१ साली त्यांनी 'थ्रीडीओ' कंपनी स्थापन केली. ऑक्टोबर १९९३ मध्ये पहिले यंत्र अमेरिकेत विक्रीस आले. ३२ बिटांचा प्रोसेसर आणि दुप्पट वेगाने डिस्क वाचण्याची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये. किंमत मात्र ६९९.९९ डॉलर! १९९१ साली 'सुपर निन्टेंडो' तिथे आले, तेव्हा ते १९९ डॉलरला मिळत होते.

एवढा फरक का? दिवा स्वस्तात द्यावा आणि तेलावर नफा मिळवावा, तशी या धंद्याची रीत होती. यंत्र कमी नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकायचे आणि पुढे खपणाऱ्या प्रत्येक खेळामागे पैसे घ्यायचे. थ्रीडीओ कंपनी मात्र स्वतः यंत्रे बनवत नव्हती. तिने फक्त आराखडा तयार केला व तो वापरण्याचा परवाना पॅनासॉनिक, सान्यो, गोल्डस्टार यांना दिला. प्रत्येक खेळामागे अवघे ३ डॉलर घेतले जात आणि तेही थ्रीडीओकडे जात. म्हणजे दिवा एकाचा, तेल दुसऱ्याचे! साहजिकच यंत्र बनवणाऱ्याला सारा नफा यंत्राच्या किमतीतूनच काढावा लागे.

महाग म्हणून ग्राहक थोडे, ग्राहक थोडे म्हणून खेळ बनवणारे उदासीन, आणि चांगले खेळ कमी म्हणून ग्राहक आणखी थोडे. असे हे दुष्टचक्र सुरू झाले. पुढे किंमत उतरवली, पण उशीर झाला होता. सप्टेंबर १९९५ मध्ये सोनीचे 'प्लेस्टेशन' २९९ डॉलरला अमेरिकेत आले. तेही डिस्कवरच चाले. पण यंत्र सोनीचे आणि खेळांवरची कमाईही सोनीची. १९९६ साली थ्रीडीओ यंत्राचे उत्पादन थांबले.

डिस्कची कल्पना चुकली नव्हती. प्लेस्टेशनने ती यशस्वी करून दाखवली. चुकला तो हिशेब. म्हणून एखादे नवे यंत्र पाहाल, तेव्हा ते कसे चालते याबरोबरच त्याचा खर्च कोण आणि कशातून भरून काढतो, हेही जरूर विचारा.