रणरणत्या उन्हातला पाहुणचार : वर्धेच्या पन्ह्यापासून नीरेपर्यंत

चैत्र उजाडला की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांचे वेळापत्रकच बदलते. सकाळी अकराच्या आत बाजारहाट उरकायचा, दुपारी बारा ते चार दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसायचे आणि दिवेलागणीनंतर पुन्हा माणसांत यायचे, असा इथला उन्हाळी शिरस्ता आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे वर्धेकरांना नवे नाही. तरीही नेमक्या याच दिवसांत घरी माणसांची वर्दळ सर्वाधिक असते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, सुटीसाठी आलेली माहेरवाशीण आणि तिची मुले, लग्नाची आमंत्रणे घेऊन येणारे नातेवाईक, गच्चीवर पाणी शिंपडून रात्री रंगणाऱ्या गप्पा. अशा वेळी पाहुण्यांपुढे काय ठेवावे, हा प्रश्न केवळ रुचीचा राहत नाही. उन्हातून आलेल्या माणसाच्या शरीरातून घामावाटे पाणी व मीठ दोन्ही गेलेले असते, आणि ते भरून काढणे हे यजमानाचे पहिले काम ठरते.

बाटलीबंद शीतपेय फोडून पेल्यात ओतणे सोयीचे खरे. पण त्यात शंभर मिलिलिटरमागे साधारण दहा ते अकरा ग्रॅम साखर असते आणि मीठ जवळजवळ नसतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या जलसंजीवनीच्या सूत्रात एका लिटरला अवघी साडेतेरा ग्रॅम द्राक्षशर्करा आणि २.६ ग्रॅम मीठ आहे. घरगुती मापात सांगायचे तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. आतड्यातून पाणी शोषले जाण्यासाठी थोडी साखर आणि थोडे मीठ सोबतीने लागते. साखर प्रमाणाबाहेर गेली तर उलट आतड्याकडेच पाणी ओढले जाते. अतिगोड पेय पिऊनही तहान भागत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता प्रामाणिकपणे पाहायचे तर आपले पारंपरिक पन्हेही या कसोटीवर सहजी उतरत नाही. गराच्या दुप्पट गूळ घालून केलेले दाट, केशरी पन्हे शीतपेयाहूनही गोड असते. ते चैत्रगौरीचा प्रसाद म्हणून वाटीभर घेण्यासाठी ठीक. उन्हातून आलेल्या पाहुण्याला पेलाभर द्यायचे तर गुळावर हात आवरलेलाच बरा. अर्धा किलो कैऱ्या कुकरमध्ये उकडल्या की साल-कोय वजा जाता सुमारे तीनशे ग्रॅम गर निघतो. त्यात दोनशे ग्रॅम चिरलेला गूळ, एक चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड व वेलदोडा घालून मिश्रण एकजीव करून ठेवावे. यातून बारा ते पंधरा पेले पन्हे होते आणि गोडीचे प्रमाण सात-साडेसात टक्क्यांवर राहते. कैरी फारच आंबट असेल तर गूळ वाढवण्याऐवजी पाणी वाढवावे. उकडण्याऐवजी कैरी निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर भाजली तर पन्ह्याला जो खमंग, किंचित धुरकट स्वाद येतो, तो वेलदोड्याने झाकू नये. तिथे जिरे, काळे मीठ आणि पुदिनाच शोभतो.

पन्ह्याबाबत एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. आजीच्या काळातील पितळी पातेली माळ्यावरून उतरवून त्यात पन्हे ठेवण्याची हौस अलीकडे दिसते. कैरीतील आम्ल कल्हई नसलेल्या पितळेशी वा तांब्याशी संयोग पावते आणि धातूचे क्षार पेयात उतरतात. मळमळ, उलटी असा त्रास त्यातून होऊ शकतो. ताक, चिंचवणी आणि लिंबाचे सरबत यांनाही हाच नियम लागू आहे. काच, स्टील, चिनी माती अथवा मातीचे भांडे केव्हाही चांगले. शोभेसाठी तांब्याचे पेले मांडायचेच असतील तर त्यांतून साधे पाणी द्यावे.

चिंचवणीचा उल्लेख आलाच आहे, तर अक्षय्य तृतीयेची आठवण विदर्भातील वाचकांना होणारच. या दिवशी पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर पुजायची आणि नैवेद्याला गूळ घातलेले चिंचेचे पाणी ठेवायचे, ही चाल इथे अनेक घरांत आहे. मृतांच्या निमित्ताने का होईना, ऐन वैशाखात जिवंत माणसांच्या पोटात पाणी, गूळ आणि आंबट जाते, हा या सणाचा व्यवहारी भाग म्हणता येईल. चिंच कोमट पाण्यात तासभर भिजवून कोळावी, गाळून त्यात बेताचा गूळ, मीठ व जिरेपूड घालावी, झाले. कैऱ्यांचे भाव चढलेले असतील तेव्हा मोठ्या बैठकीसाठी याहून स्वस्त पेय सापडणे कठीण.

पेये गार कशी करायची, हा पुढचा प्रश्न. आणि इथे वर्धेच्या हवेची एक मेहेरबानी आहे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाची हवा अतिशय कोरडी असते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते आणि जाताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता ओढून नेते, तेवढीत सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळेल. हवा जितकी कोरडी तितका वाफ होण्याचा वेग अधिक. म्हणूनच मुंबईत कोमट वाटणारे माठाचे पाणी वर्धेत घशाला गारवा देते. कूलर विदर्भात चालतो आणि कोकणात चालत नाही, त्याचेही गमक हेच. माठ वाऱ्याच्या वाटेवर, सावलीत, तिवईवर ठेवावा. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवला तर त्याचे अर्धे अंग निकामी होते. दोन-तीन उन्हाळे वापरलेल्या माठाची छिद्रे पाण्यातील क्षारांनी बुजतात. अशा वेळी तो साबणाने न धुता काथ्याने घासावा आणि तरीही पाझरत नसेल तर सरळ बदलावा. स्वच्छ धुतलेल्या वाळ्याच्या मुळ्यांची पुरचुंडी रात्रभर माठात सोडली की सकाळी त्या पाण्याला सुगंध येतो. त्यात काही मिसळण्याची गरजच उरत नाही.

बर्फ लागणारच असेल तर तो घरच्या फ्रिजमध्ये, पिण्याच्या पाण्याचा करावा. बाजारातील लादी बहुधा मासे, दूध किंवा अन्य माल गार ठेवण्यासाठी बनवलेली असते. खाण्याजोग्या नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ मध्ये घालण्यात आले ते याचसाठी. निळसर लादी दिसली की ती कोठीबाहेरच ठेवावी. उन्हाळ्यात कावीळ व गॅस्ट्रोच्या साथी पसरतात, त्यात दूषित पाण्याबरोबर दूषित बर्फाचाही वाटा असतो.

मठ्ठ्याची कृती सांगण्याची गरज नसावी. आले, कोथिंबीर, हिंग, मीठ, चिमूटभर साखर. मधुमेही पाहुण्यांसाठी ती साखरही गाळावी. ज्वारीची आंबील मात्र शहरी घरांतून मागे पडली आहे. दोन चमचे ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवून सकाळी पाण्यात शिजवायचे, लसूण-जिऱ्याची हलकी फोडणी द्यायची आणि पूर्ण निवल्यावर पातळ करून प्यायचे. सातूच्या पिठाचेही तसेच. भाजलेले गहू आणि डाळ्यांचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवले की मुलांची संध्याकाळची भूक आणि तहान एकदम भागते. बेलफळाचे सरबत करताना गर पाण्यात भिजवून हलक्या हाताने कुस्करावा. मिक्सर फिरवला तर बिया फुटून त्याला कडवटपणा येतो.

कडवटपणावरून संत्र्याकडे वळणे ओघानेच आले. आष्टी, कारंजा आणि आर्वी हे वर्धा जिल्ह्यातील संत्र्याचे तालुके. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी रस निघू लागतो. अनेकींचा अनुभव असा, की काढताना मधुर लागलेला रस पाहुणे येईपर्यंत कडू होतो आणि दोष फळवाल्याला दिला जातो. वास्तविक संत्र्याच्या पापुद्र्यात व बियांत एक चवहीन द्रव्य असते. रसातील आम्लाच्या सहवासात त्याचे हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होते. उष्णतेने ही क्रिया अधिकच वेग घेते. उपाय सोपा आहे. फोडी सोलून बिया काढाव्यात, दाब न देता रस काढावा, तो उकळू नये आणि पाहुण्यांच्या समोरच पेल्यात ओतावा. आधी करून ठेवण्याचे हे पेय नव्हे.

फराळाचे ताट उन्हाळ्यात हलकेच हवे. चैत्रातील हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि टरबुजाच्या फोडी ही मांडणी ठरलेली असते. आंब्याची डाळ शिजवलेली नसते, हे ध्यानात ठेवण्याजोगे. भिजवलेली हरभरा डाळ भरड वाटून त्यात कैरीचा कीस, मीठ-साखर आणि हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी घातली जाते. कैरीचे आम्ल तिला काहीसे राखते. परंतु खोबरे घातले, वर पाण्याचा हात लागला आणि ताट पंख्याखाली उघडे राहिले तर ती आंबायला वेळ लागत नाही. शिजवलेले वा ओले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एका तासापेक्षा अधिक नको, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. वर्धेत संध्याकाळी सातलाही पारा बहुधा त्याच्या वरच असतो. तेव्हा डाळ वाटून फ्रिजमध्ये ठेवावी, खोबरे व फोडणी आयत्या वेळी घालावी आणि सगळी एकदम न मांडता वाडग्या-वाडग्याने बाहेर काढावी. चिरलेल्या टरबुजालाही हाच न्याय.

घरी खास पाहुणे असतील आणि निवांत जेवणच व्हायचे असेल, तर विदर्भात आमरसाच्या जोडीला सरगुंडे येतात. कणकेच्या बारीक वळ्या काडीवर गुंडाळून उन्हात वाळवलेले हे सरगुंडे आयत्या वेळी उकडले की झाले. पुरणपोळीचा घाट घालण्यापेक्षा हे केव्हाही सुटसुटीत. कुरड्या, पापड तर वाळवणाच्या डब्यात असतातच.

आणि विकतचे काही आणायचेच, तर वर्धेकर गोरसपाक आणतो. गव्हाचे पीठ आणि गाईचे तूप यांचा हा खुसखुशीत प्रकार कोरडा असल्याने उन्हाळ्यातही टिकतो आणि पाहुण्यांना परत जाताना बांधून देता येतो. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९४१-४२ मध्ये, गोसेवेच्या कामाला वाहून घेतले. गोरसपाकाची ओळख वर्धेच्या याच गोसेवेच्या परंपरेशी जोडलेली आहे. जिल्ह्याची स्वतःची गवळाऊ ही पांढरीशुभ्र गाय आहे आणि आर्वी-कारंजाच्या डोंगराळ पट्ट्यात गवळी समाजाने ती जपली आहे.

नीरेचा विषय या जिल्ह्यात वेगळाच आहे. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना केली आणि त्याचे काम जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीतून, जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, मधमाशापालन यांच्याबरोबरीने ताडगूळ हा तेथील प्रयोगांचा विषय होता. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, गांधीजी मगनवाडीहून शेगावात, आजच्या सेवाग्रामात, आले. पुढे १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर लिहिताना त्यांनी ताडीचा निषेध केला, पण ताज्या नीरेला आणि तिच्या गुळाला अन्नाचे स्थान दिले.

ही रेषा बारीक आहे. शिंदी अथवा ताडाच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात जमा होणारा गोड रस म्हणजे नीरा. हवेतील आणि मडक्यातील किण्व तिच्यातील साखरेवर तुटून पडते. ऊन चढले की काही तासांत तीच नीरा ताडी होते. हे लांबावे म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि नीरा पहाटेच उतरवतात. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे आणि राज्याच्या दारूबंदी कायद्यानुसार नीरा काढण्या-विकण्यासही परवाना लागतो. त्यामुळे ती घरी करण्याची वस्तू नाही. अधिकृत नीरा केंद्रावरूनच घ्यावी. शिंदीची नीरा मुख्यतः थंडीच्या महिन्यांत मिळते, ताडाची उन्हाळ्यातही. संध्याकाळच्या बैठकीसाठी सकाळी आणलेली नीरा बर्फात किंवा फ्रिजमध्येच राहिली पाहिजे. तिला फेस आला, आंबूस वास आला तर लहान मुलांसमोर तो पेला ठेवू नये. ती सरळ ओतून द्यावी. नीरेची हौस ताडगुळावर भागवायची असेल तर पन्ह्यात साध्या गुळाऐवजी ताडगूळ घालून पाहावा. रंग काळपट येतो, चव मात्र जिभेवर रेंगाळते.

बैठक सातची असेल तर माठ आदल्या रात्रीच भरावा. पन्ह्याचा गर सकाळी उकडून फ्रिजमध्ये ठेवावा, डाळ दुपारी वाटावी, आणि गच्चीवर पाणी शिंपडायचे ते सूर्य मावळल्यावर. तापलेल्या स्लॅबवर आधी शिंपडले तर वाफाच वर येतात आणि पाहुणे जिना उतरून परत कूलरसमोर जाऊन बसतात.