दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्या
— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी बोलतो. या खेपेला विषय शरीरातल्या पाइपलाइनीचा आहे. मी डॉक्टर नाही, पण रोज दारे धरणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजायला अवघड नाही.

हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी छातीत उगम पावते, पहिल्या बरगडीवरून, कॉलर बोनच्या खालून काखेकडे जाते आणि पुढे दंडात उतरते. तिला सबक्लेव्हियन धमनी म्हणतात. डावीकडची थेट महाधमनीतून निघते. उजवीकडची मानेच्या धमनीबरोबर एकाच खोडातून निघून मग वेगळी होते. वाटेत तिला एक महत्त्वाची फांदी फुटते. ती मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेते.

ठिबकच्या नळीत क्षार साचतात, तशी या धमनीत आतून चरबी व चुन्याची पुटे साचतात. बिडी-सिगारेट, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि वाढते वय ही त्याची मुख्य कारणे. अडथळा उजव्यापेक्षा डाव्या बाजूला जास्त आढळतो. तरुण स्त्रियांमध्ये मात्र वेगळे कारण असू शकते. ताकायासू नावाच्या आजारात धमनीची भिंतच सुजते. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी 1908 साली अशा रुग्णाचे वर्णन केले, म्हणून हे नाव. इथे आधी औषधाने सूज आटोक्यात आणावी लागते.

आता चोरीची गोष्ट ऐका. दोन पोटलाइनी पुढे एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि एकीचे तोंड मुख्य लाइनीपाशीच तुंबले. मग तिच्याखालचे शेत दुसऱ्या लाइनीचे पाणी उलटे ओढून घेते. इथेही तसेच होते. डावी धमनी मुळाशी तुंबली, तर उजव्या बाजूने मेंदूकडे चढलेले रक्त डाव्या फांदीतून उलटे खाली हातात उतरते. हाताने जोराचे काम केले की चक्कर येते, तोल जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते. 1961 साली अमेरिकेत मार्टिन रीव्हिच व सहकाऱ्यांनी हा उलटा प्रवाह आणि मेंदूची तक्रार यांचा संबंध दाखवला. त्याच वर्षी या प्रकाराला 'सबक्लेव्हियन स्टील', म्हणजे चोरी, हे नाव पडले.

पुष्कळांना काहीच त्रास जाणवत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. तुंबलेल्या हाताचा रक्तदाब कमी दिसतो. नेमका त्याच हाताचा दाब मोजला, तर 'सगळे ठीक आहे' असे वाटते आणि दुसऱ्या हाताला 170 असलेला दाब तसाच औषधाविना राहतो. दोन हातांच्या वरच्या आकड्यात 15 किंवा जास्त फरक पुन्हा पुन्हा दिसला, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. पुढे दाब नेहमी जास्त आकड्याच्या हातावरच मोजावा.

पूर्वी यावर मान किंवा छाती उघडून शस्त्रक्रिया करीत. चार्ल्स डॉटर यांनी 1964 साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे पायाची तुंबलेली धमनी आतूनच नळी घालून मोकळी केली. 1974 साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी त्यासाठी फुगा वापरात आणला. 1980 च्या सुमारास हीच रीत सबक्लेव्हियन धमनीला लागू झाली. जांघेतल्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक तार आत घालतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत अडथळ्यापलीकडे नेतात, फुगा फुगवतात आणि बहुधा जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. पुष्कळदा तेवढा भाग बधिर करून काम होते. मेंदूकडे जाणाऱ्या फांदीचे तोंड झाकले जाणार नाही हे मात्र पाहावे लागते. पूर्ण बंद धमनीतून तार गेलीच नाही, तर मानेत बायपास करण्याचा मार्ग आजही आहे. फक्त अडथळा दिसला म्हणून सहसा स्टेंट बसवत नाहीत, बहुधा त्रास असेल तरच बसवतात.

दुसरा प्रश्न इजेचा. दुचाकी घसरून कॉलर बोन मोडते. त्यात ही धमनी क्वचितच फाटते, पण फाटली तर जिवावर बेतते. धमनी हाडामागे असल्याने बाहेरून दाबून रक्त थांबवणे कठीण, आणि शस्त्रक्रियेसाठी कधी छातीचे हाडही कापावे लागते. अशा वेळी कापडाचे अस्तर असलेला स्टेंट आतून बसवून भोक बुजवता येते. रुग्ण स्थिर असेल आणि तार फाटलेल्या जागेपलीकडे जात असेल, तरच हे जमते. रक्तस्राव आवरत नसेल, तर शस्त्रक्रियाच करावी लागते.

आणखी एक मर्यादा आहे. रोज ट्रॅक्टर जातो तिथे पाइप उथळ पुरला तर दबतो. तसाच कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात बसवलेला स्टेंट दबून मोडू शकतो. तिथे रक्तवाहिनी चेपली जात असेल, तर आधी चेपणारी जागा मोकळी करावी लागते.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. काम करताना एकच हात वारंवार भरून येत असेल, गार पडत असेल, तर 'कामाचा शीण' म्हणून सोडून देऊ नका. अपघातानंतर हात पांढरा-गार पडला, बधिर झाला किंवा मानेच्या मुळाशी सूज वाढू लागली, तर चोळत-ओढत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. नाडी लागते म्हणूनही निर्धास्त राहू नका, कारण आडवाटेच्या बारीक धमन्यांतून थोडे रक्त येत राहते. बिडी सोडा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात एका हाताला पट्टा बांधला, की दुसरा हातही पुढे करा. त्याला पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात.