फुटबॉलमधील पारंपरिक जर्सी क्रमांक

फुटबॉलमधील पारंपरिक जर्सी क्रमांक म्हणजे संघातील अकरा खेळाडूंना मैदानावरील त्यांच्या स्थानानुसार दिले जाणारे १ ते ११ हे क्रमांक होत. इंग्लंडमध्ये रूढ झालेली ही पद्धत त्या काळच्या २-३-५ या व्यूहरचनेवर आधारलेली होती. पुढे व्यूहरचना बदलल्या आणि खेळाडूंच्या जागा हलल्या. मात्र जुने क्रमांक खेळाडूंबरोबरच नव्या जागी गेले. त्यामुळे चार जणांच्या इंग्लिश बचाव फळीत उजवीकडून डावीकडे २, ५, ६, ३ असा वरकरणी विस्कळीत क्रम आढळतो. हा क्रम समजण्यासाठी मूळ रचना लक्षात घ्यावी लागते.

मूळ रचना

२-३-५ या व्यूहरचनेत गोलरक्षकापुढे दोन बचावपटू, त्यांच्यापुढे मधल्या फळीत तीन आणि आघाडीवर पाच खेळाडू असत. क्रमांक गोलरक्षकापासून सुरू होऊन प्रत्येक फळीत उजवीकडून डावीकडे दिले जात.

• १ – गोलरक्षक
• २ – उजवा बचावपटू
• ३ – डावा बचावपटू
• ४ – मधल्या फळीतील उजवा खेळाडू
• ५ – मधल्या फळीतील मध्यवर्ती खेळाडू, म्हणजेच सेंटर हाफ
• ६ – मधल्या फळीतील डावा खेळाडू
• ७ – उजव्या कडेचा आघाडीपटू
• ८ – उजवीकडील आतला आघाडीपटू
• ९ – मध्यवर्ती आघाडीपटू, म्हणजेच सेंटर फॉरवर्ड
• १० – डावीकडील आतला आघाडीपटू
• ११ – डाव्या कडेचा आघाडीपटू

प्रारंभ

इंग्लंडच्या लीग सामन्यांत २५ ऑगस्ट १९२८ रोजी शेफिल्ड वेन्सडे विरुद्ध आर्सेनल आणि चेल्सी विरुद्ध स्वान्झी टाउन या सामन्यांमध्ये क्रमांक असलेल्या जर्सी वापरल्या गेल्या. इ.स. १९३३ च्या एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनच्या खेळाडूंनी १ ते ११, तर मँचेस्टर सिटीच्या खेळाडूंनी १२ ते २२ हे क्रमांक घातले होते. दोन्ही संघांनी १ ते ११ हेच क्रमांक वापरण्याची पद्धत पुढे स्थिरावली. इ.स. १९३९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगने क्रमांक अनिवार्य केले.

स्थानांतील बदल

इ.स. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम शिथिल झाला. चेंडू पुढे दिला जात असताना आक्रमक व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असण्याची अट पूर्वी होती. ती दोन खेळाडूंवर आली. त्यामुळे आक्रमण सोपे झाले आणि गोलांची संख्या वाढली. यावर उपाय म्हणून ५ क्रमांकाच्या खेळाडूला मधल्या फळीतून मागे घेऊन २ व ३ यांच्या मध्ये उभे करण्यात येऊ लागले. ८ व १० हे आघाडीपटूही किंचित मागे आले. हर्बर्ट चॅपमन यांच्या मार्गदर्शनाखालील आर्सेनल संघाने प्रसिद्धीस आणलेली ही रचना इंग्रजी अक्षरांच्या आकारावरून ‘डब्ल्यू-एम’ या नावाने ओळखली जाते. अशा रीतीने ५ हा क्रमांक बचावपटूचा झाला. तरीही सेंटर हाफ हे जुने नाव टिकून राहिले.

पुढे बचाव फळीत चौथा खेळाडू आला. इंग्लंडमध्ये ही जागा बहुधा ६ क्रमांकाने घेतली. इ.स. १९६६ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ५ क्रमांकाचे जॅक चार्लटन आणि ६ क्रमांकाचे कर्णधार बॉबी मूर हे बचाव फळीच्या मध्यभागी शेजारी शेजारी खेळले.

इतर देशांत हा बदल वेगळ्या प्रकारे घडला. अर्जेंटिनात बचाव फळीचा पारंपरिक क्रम ४, २, ६, ३ असा, तर ब्राझीलमध्ये २, ३, ४, ६ असा आहे. या दोन्ही देशांत ५ क्रमांक मधल्या फळीतच राहिला. म्हणून एकाच क्रमांकावरून इंग्लिश व अर्जेंटिनी प्रेक्षकांच्या मनात भिन्न खेळाडू उभे राहतात.

क्रमांकामुळे झालेली दिशाभूल

क्रमांकावरून स्थान ओळखण्याची सवय किती महागात पडू शकते, हे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली येथे दिसून आले. तोपर्यंत युरोपच्या मुख्य भूमीवरील कोणत्याही संघाकडून इंग्लंडचा मायदेशी पराभव झाला नव्हता. इंग्लंडच्या ५ क्रमांकाने प्रतिस्पर्ध्यांच्या ९ क्रमांकावर लक्ष ठेवावे, असा प्रघात होता. परंतु हंगेरीचे ९ क्रमांकाचे नांदोर हिदेगकुटी आघाडीवर न थांबता मधल्या फळीत मागे येऊन खेळू लागले. त्यांच्या मागे जावे तर इंग्लंडच्या बचाव फळीत खिंडार पडे आणि तेथून ८ क्रमांकाचे कोचिश व १० क्रमांकाचे पुश्काश आत घुसत. जागेवर थांबावे तर हिदेगकुटी मोकळे राहत. इंग्लंडचे हॅरी जॉन्स्टन यांना या पेचातून मार्ग सापडला नाही. हिदेगकुटी यांनी तीन गोल केले आणि हंगेरीने सामना ६-३ असा जिंकला.

अशा मागे येऊन खेळणाऱ्या मध्यवर्ती आघाडीपटूला आज ‘फॉल्स नाइन’, म्हणजे फसवा नऊ, असे म्हणतात. २ मे २००९ रोजी बार्सेलोनाने रेआल माद्रिदवर ६-२ असा विजय मिळवला, तेव्हा लिओनेल मेस्सी याच भूमिकेत खेळले. त्यांच्या जर्सीवर मात्र १० हा क्रमांक होता.

कायम क्रमांक

इ.स. १९५४ च्या विश्वचषकापासून प्रत्येक खेळाडूला संपूर्ण स्पर्धेसाठी एकच क्रमांक देण्यात येऊ लागला. परिणामी क्रमांक व स्थान यांचा संबंध सैल झाला. इ.स. १९५८ मध्ये विजेत्या ब्राझीलचे गोलरक्षक जिल्मार ३ क्रमांक घालून, तर उजव्या कडेचे गारिंशा ११ क्रमांक घालून खेळले. त्याच स्पर्धेत १७ वर्षांच्या पेले यांच्याकडे १० क्रमांक होता. त्यांच्या कीर्तीमुळे तो सर्जनशील आक्रमकाचे प्रतीक मानला जाऊ लागला. इ.स. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने आडनावांच्या वर्णक्रमानुसार क्रमांक दिले, त्यामुळे मधल्या फळीतील ओस्वाल्दो अर्डिलेस यांना १ क्रमांक मिळाला. दिएगो मारादोना यांच्यासाठी मात्र अपवाद करून १० राखून ठेवण्यात आला.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये इ.स. १९९३-९४ च्या हंगामापासून जर्सीवर खेळाडूचे नाव आणि हंगामभरासाठी एकच क्रमांक असतो. तरीही प्रशिक्षक व समालोचक आजही ‘सहा’, ‘नऊ’ किंवा ‘दहा’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा जर्सीवरील आकडा नव्हे, तर मैदानावरील भूमिका अभिप्रेत असते.