हातचा एक

सोयाबीनचा हंगाम होता. कारंज्याच्या बाजार समितीत हर्रास आटोपला की आमच्या अडत दुकानात पट्ट्या लिहायची घाई सुरू होते. एका शेतकऱ्याचा माल भरला 23 क्विंटल 40 किलो, भाव लागला 4,210. असे गुणाकार मी पेन टेकवायच्या आत करत आलोय. त्या दिवशीही तोंडी आकडा बरोबर आला, 98,514. पण पट्टीवर लिहिला 89,514. शेतकरी एसटी स्टँडवरून माघारी आला. रागावला नाही. पट्टी माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाला, "भाऊ, येक डाव पाह्यता काय?"

नऊ हजार रुपये. शेठनं ते तिथल्या तिथे निस्तरलं, पण मी रात्रभर जागा होतो. सतरा वर्षं दिवाणजी म्हणून काढली आणि आकड्यावरून माझ्याकडे कोणी परत आलं नव्हतं.

मला बायपोलर आजार आहे. त्याआधीच्या वर्षी उन्मादाची लाट आली तेव्हा मी तीन-तीन रात्री झोपत नव्हतो, गोदाम बांधायला निघालो होतो, उधारीवर दोन मोटारसायकली उचलल्या होत्या. मग उतार आला, तो असा की आंघोळीलाही उठवेना. लिथियमच्या गोळ्यांनी दोन्ही थांबवलं. पट्टीची चूक झाली तेव्हा सहा महिने माझं मन शांत होतं. घरचे, शेजारचे, सगळे म्हणत होते, बरा झाला.

मन बरं होतं. डोकं मात्र पहिल्यासारखं चालत नव्हतं, आणि ते कुणाला सांगावं हेच कळत नव्हतं. शेठनं तीन कामं सांगितली की मधलं गळायचं. मापारी वजन ओरडायचा, तेवढ्यात फोन वाजला की वजन गेलं. लांब बेरजेत हातचा एक सुटायचा. पेपरातली बातमी शेवटापर्यंत वाचली की सुरुवात आठवत नसे. माय म्हणायची, "त्या गोळ्यायनं तुह्यं डोकं बधिर केलं. सोडून दे बापा." मलाही तसंच वाटू लागलं होतं.

गोळ्या सोडण्याआधी अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. 93, 86, 79, 72 पर्यंत सरसर गेलो. तिथे बाहेर कुणीतरी हाक मारली, आणि मी कुठे होतो तेच हरवलं. मग पाच शब्द ऐकवून थोड्या वेळानं विचारले. दोन आठवले. माझे डोळे भरून आले. मॅडम म्हणाल्या, "हा तुमचा आळस नाही, आजाराचाच भाग आहे. फक्त याबद्दल कोणी विचारत नाही."

त्यांनी जे समजावलं ते मी नीट लिहितो, कारण ते घराघरात कळायला हवं. लाट ओसरल्यावरही बायपोलरच्या बऱ्याच रुग्णांमध्ये लक्ष टिकणं, ऐकलेलं लक्षात राहणं, कामांची आखणी आणि विचारांचा वेग यांत उणीव राहते. सगळ्यांत नाही, आणि असते त्यांच्यातही सारखी नाही. हे म्हातारपणचं विसरणं नव्हे. मागे उरलेली उदासी आणि तुटकी झोप ही उणीव वाढवतात. काही औषधांचा भारही पडतो. ज्यांना लाटा पुन्हा पुन्हा येतात त्यांच्यात ही उणीव जास्त आढळते. म्हणजे डोकं जपायला म्हणून गोळी टाकून द्यावी, तर नवी लाट येऊन डोक्याचंच नुकसान व्हायची भीती.

माझ्या बाबतीत रक्ततपासणीत आणखी एक निघालं. लिथियमनं थायरॉइड मंदावला होता, आणि त्यानंही माणूस सुस्त आणि विसराळू होतो. त्याची छोटी गोळी सुरू झाली, दोन-तीन महिन्यांत बराच फरक पडला. लिथियम घेणाऱ्यानं थायरॉइड, मूत्रपिंड आणि रक्तातलं लिथियम ठरलेल्या मुदतीत तपासायलाच हवं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच जपावं. घाम जाऊन अंगातलं पाणी आटलं की रक्तात लिथियम चढतं, मग हात थरथरतात, तोल जातो.

उरलेल्या उणिवेवर मात्र गोळी नाही. स्पेनमधल्या 239 रुग्णांवरचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना 21 आठवडे रोजच्या व्यवहारातल्या युक्त्या शिकवल्या. स्मरणाच्या चाचण्यांत गुण फारसे वाढले नाहीत, पण कामधंदा आणि घर सांभाळणं नेहमीच्या उपचारांपेक्षा सुधारलं. मला हे फार धीराचं वाटतं. मीही आता मापाऱ्यानं वजन ओरडलं की मोठ्यानं परत म्हणतो. पट्टी लिहिताना फोन उलटा ठेवतो. प्रत्येक आकडा शेजारचा पोऱ्या कॅल्क्युलेटरवर ताडून पाहतो. शेठला मी स्वतःहून आजार सांगितला. त्यांनी पट्ट्यांसाठी मला मागचं टेबल दिलं, जिथे गिऱ्हाइकाची वर्दळ नाही. रात्री दहाला झोप, हंगाम असो की नसो.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या सर्वेक्षणानुसार दोनशे प्रौढांत एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. पाहणी झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तेच प्रमाण धरलं, तर बारा लाख वस्तीच्या आपल्या वाशीम जिल्ह्यात अशी माणसं तीन-चार हजार भरतील. त्यातले किती जण कामचुकार, बेजबाबदार म्हणवून घेत असतील!

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना फक्त झोप आणि राग सांगून येऊ नका. विसरणं, चुका, गोंधळ हेही तारखेसकट कागदावर लिहून न्या. मध्येच अडलात तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फुकट नंबर आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.