मिलिमीटरभर उंची आणि चढावरची ताकद

यामाहाच्या वायझेड 250 आणि वायझेड 250 एक्स या दोन मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर नवख्याला फरक सांगणे अवघड जाते. दोन्हींचे इंजिन टू-स्ट्रोक, 249 सीसीचे. दोन्हींचा बोअर 66.4 मिलिमीटर, स्ट्रोक 72 मिलिमीटर. पण पहिली जन्मली ती मोटोक्रॉसच्या आखीव ट्रॅकवर उड्या घेण्यासाठी, आणि 2016च्या मॉडेलपासून आलेली दुसरी जंगलवाटा, ओढे, दगडधोंडे तुडवत तासन्‌तास चालण्यासाठी. रेस पिळली की पहिली ठराविक आरपीएमनंतर एकदम उसळते, तर दुसरी खालपासूनच शांतपणे ओढत नेते. गिअरबॉक्स, चाके, सस्पेन्शन यांत फरक आहेतच. पण इंजिनाचा स्वभाव बदलला तो एक्झॉस्ट पोर्टचे टायमिंग, पॉवर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ, कॉम्प्रेशन आणि इग्निशन यांत फेरफार करून.

मातीवर चालणाऱ्या गाडीची लायकी तिच्या जास्तीत जास्त हॉर्सपॉवरवरून ठरवणे हा मोठा गैरसमज आहे. ताकद कुठल्या आरपीएमला जागी होते, कशी चढते आणि किती वेळ टिकते, यावर चढ पार होणार की मागचे चाक जागच्या जागी खड्डा खणणार हे ठरते. टू-स्ट्रोक इंजिनात ही गोष्ट मुख्यतः सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टांच्या हातात असते.

पिस्टन हाच व्हॉल्व्ह

फोर-स्ट्रोक इंजिनात हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात आणि कॅमशाफ्ट ते उघडते, मिटते. साध्या टू-स्ट्रोकमध्ये हा सरंजाम नाही. भिंतीत पोर्ट कोरलेले असतात आणि वर-खाली होणारा पिस्टनच ते झाकतो, उघडतो. स्फोटानंतर पिस्टन खाली निघाला की आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो आणि जळालेला वायू बाहेर धावतो. पिस्टन आणखी खाली गेला की ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण वर येते. एसटी थांबल्यावर आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे लागते, नाहीतर दारातच रेटारेटी होते, इथेही तसेच. जुना वायू पुरेसा बाहेर पडण्याआधी ट्रान्सफर उघडले, तर तो उलटा ट्रान्सफरमध्येच घुसतो आणि ताज्या मिश्रणाची वाट अडवतो.

या मधल्या अवधीला ब्लोडाउन म्हणतात. तो किती असतो, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, पिस्टन सर्वांत वर असताना क्रँकचे माप शून्य अंश धरले, 85 अंशांवर एक्झॉस्ट उघडतो आणि 114 अंशांवर ट्रान्सफर. मग ब्लोडाउन आला 29 अंश. इंजिन 8,000 आरपीएमला फिरत असेल, तर एवढे अंश पार करायला सेकंदाचा दीड हजारावा हिस्साही लागत नाही. 4,000 आरपीएमला मात्र त्याच्या दुप्पट वेळ मिळतो. म्हणूनच जास्त आरपीएमसाठी घडवलेल्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट उंच ठेवतात आणि शक्य तेवढा रुंद करतात.

ट्रान्सफर पोर्टांच्या बाबतीत उंचीइतकेच महत्त्व दिशेला असते. 1920च्या दशकात जर्मनीच्या अडोल्फ श्न्युर्ले यांनी ताजे मिश्रण एक्झॉस्टकडे पाठ करून समोरच्या भिंतीवर सोडायची रचना केली. ते भिंतीवरून वर चढते, हेडखाली वळते आणि जुन्या वायूला ढकलत खाली येते. त्यामुळे मिश्रण वळवण्यासाठी पिस्टनच्या डोक्यावर लागणारा उंचवटा गेला, पिस्टन हलका झाला आणि टू-स्ट्रोकला वेगाने फिरण्याची मोकळीक मिळाली.

लाट वेळेवर आली तर

एक्झॉस्ट पोर्ट उंच केला की एक अडचण उभी राहते: पिस्टन वर जाताना हा पोर्ट उशिरा मिटतो, आणि तोवर ताजे मिश्रणही बाहेर निसटते. यावर उत्तर शोधले पूर्व जर्मनीतल्या झोपाऊ इथे, एमझेड कारखान्यातल्या वाल्टर काडेन यांनी. मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळता असा एक्झॉस्ट पाइप घेतला, तर फुगणाऱ्या भागातून परतणारी लाट सिलिंडर रिकामा करायला मदत करते आणि निमुळत्या टोकावरून परतणारी लाट निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. याच वाटेने 1961पर्यंत त्यांचे 125 सीसीचे इंजिन 25 हॉर्सपॉवरला, म्हणजे लिटरमागे 200 हॉर्सपॉवरला पोचले. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर देश सोडून गेला आणि हे ज्ञान सुझुकीला मिळाले. पुढच्या काळात जपानी टू-स्ट्रोकनी जग जिंकले, त्यात या ज्ञानाचा मोठा वाटा आहे.

पॉवरबँड नावाचा तो ओळखीचा झटका येतो तोही याच लाटेमुळे. एक्झॉस्ट 190 अंश उघडा असेल, तर 8,000 आरपीएमला तो सुमारे 4 मिलिसेकंद उघडा राहतो. तप्त वायूत लाट सेकंदाला 500 मीटरच्या आसपास धावते, म्हणजे तेवढ्या वेळात जाऊन-येऊन दोनेक मीटर. त्यामुळे पाइपचे परतीचे टोक पोर्टपासून मीटरभरावर असले की लाट नेमकी पोर्ट मिटताना पोचते. आरपीएम 5,000वर आले की पोर्ट 6 मिलिसेकंदांहून जास्त वेळ उघडा राहतो. लाट मात्र आधीच्याच वेळेला येते, पोर्ट मिटायच्या खूप आधी. तिने आत ढकललेले मिश्रण पुन्हा बाहेर पडायला मोकळे असते. इंजिन घुसमटल्यासारखे चालते आणि आरपीएम वर चढले की एकाएकी मोकळे होते.

कानस लावण्याआधी

महाराष्ट्रात पोर्टिंग हा शब्द गॅरेजमध्ये रुळला तो मुख्यतः यामाहा आरएक्स 100मुळे. 1985 ते 1996 या काळात इथे बनलेली ही 98 सीसीची, 11 हॉर्सपॉवरची हलकी गाडी डर्ट ट्रॅकच्या शर्यतींत उतरली आणि अनेक तरुण मेकॅनिकांनी तिच्याच ब्लॉकवर हात बसवला. तिचा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 50 मिलिमीटर. अशा इंजिनात एक्झॉस्ट पोर्टची वरची कड 1 मिलिमीटर घासली, तर पोर्ट उघडा राहण्याचा काळ साधारण साडेचार अंशांनी वाढतो. 72 मिलिमीटर स्ट्रोकच्या 250 सीसी इंजिनात तेवढ्याच घासण्याने तो तीन अंशांहून थोडाच जास्त वाढतो. म्हणून एका गाडीचे माप दुसरीला लावू नये.

या मिलिमीटरची किंमतही असते. पोर्ट लवकर उघडला की स्फोटाचा जोर पिस्टनवर कमी अंतरापर्यंत लागतो. उशिरा मिटला की दाबायला मिश्रण कमी उरते. दोन्हींचा फटका खालच्या आरपीएमला बसतो. वरचा वेग वाढतो, पण कोपऱ्यातून बाहेर पडतानाचा पिकअप जातो. रुंदीलाही मर्यादा आहे. सलग एक्झॉस्ट पोर्टची रुंदी बोअरच्या 70 टक्क्यांच्या आसपास गेली की रिंग पोर्टमध्ये फुगून कडेला अडकण्याचा धोका वाढतो. म्हणूनच पोर्टची वरची कड कमानदार ठेवतात, मोठ्या पोर्टच्या मधोमध दांडी सोडतात किंवा बाजूला दोन छोटे पोर्ट देतात. आणि घासून झाल्यावर सगळ्या कडा हलक्या हाताने गोलसर करणे हे रिंगच्या आयुष्यासाठी सक्तीचेच काम आहे.

जाणकार मेकॅनिक आधी डिग्री व्हील लावून मूळ टायमिंग मोजतो. मग ब्लॉकखाली जाड गॅस्केट घालून सगळे पोर्ट थोडे वर उचलून पाहतो आणि वाढलेली फट भरून काढायला हेडची बाजू तेवढीच कमी करतो. गाडी चालवून समाधान झाले नाही, तर पोर्ट होते तसेच शाबूत असतात. कानशीने काढलेला धातू मात्र परत बसवता येत नाही.

मातीला काय हवे

डांबरावर टायरची पकड बरीचशी सारखी राहते. मातीवर ती हातभर अंतरात बदलते. टणक, कोरड्या जमिनीवर किंवा ओल्या मुळांवर ताकद झटक्याने आली की चाक जागीच फिरते. तिथे एक्झॉस्ट पोर्ट बेताचा उंच, कॉम्प्रेशन जुळवून घेतलेले आणि फ्लायव्हील थोडे जड असलेले इंजिन हवे. खोल वाळूत उलट. तिथे गती पडली की गाडी रुतते, म्हणून वरच्या आरपीएमला दम टिकवणारे इंजिन लागते. आणि ट्रायल्समध्ये, जिथे पाय न टेकता खडकावरून चढायचे असते, पोर्ट आणखी खाली उतरतात.

पण एकाच शर्यतीत या सगळ्या जमिनी आल्या तर? पक्क्या पोर्टला एकच उंची असते. यावरचे उत्तर म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेशी सरकणारी किंवा फिरणारी झडप बसवायची. खालच्या आरपीएमला ती पोर्ट बुटका ठेवते, वर गेले की बाजूला होते. यामाहाने ही युक्ती 1970च्या दशकाच्या अखेरीस ग्रां प्रीच्या गाडीवर वापरली आणि 1982मध्ये वायझेड 250च्या रूपाने मोटोक्रॉसमध्ये आणली. पाठोपाठ होंडा, कावासाकी, सुझुकी यांच्या रचना आल्या. केटीएमच्या एन्ड्युरो गाड्यांबरोबर तर या झडपेसाठी हिरवी, पिवळी आणि लाल अशा स्प्रिंग मिळत. हिरवी लावली की ताकद सौम्यपणे येते, लाल लावली की जोरात, पिवळी मधली. दिवसाची जमीन पाहून रायडर स्प्रिंग बदलू शकत असे. 2023च्या मोटोक्रॉस मॉडेलांत केटीएमने ही झडप इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली आणली.

1998मध्ये यामाहाची फोर-स्ट्रोक वायझेड 400 एफ बाजारात आली आणि त्यानंतर मोटोक्रॉसचे ट्रॅक हळूहळू फोर-स्ट्रोकने व्यापले. तरी ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गसारख्या, लोखंडाच्या खाणीच्या उभ्या कड्यांवर होणाऱ्या शर्यतीत 300 सीसीच्या टू-स्ट्रोकचाच दबदबा राहिला. तिथे गाडी हलकी लागते, ती प्रसंगी हाताने ओढून वर न्यावी लागते, आणि क्लच अर्धा दाबून जवळजवळ शून्य वेगाला इंजिन न अडखळता चालावे लागते. सर्वांत जास्त हॉर्सपॉवरचा आकडा तिथे कुणाच्या कामी येत नाही.

म्हणून आपल्याकडे जुना ब्लॉक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगावेसे वाटते: कानस उचलण्याआधी एक प्रश्न लिहून काढा. ही गाडी कुठल्या जमिनीवर, कुठल्या गिअरमध्ये, किती आरपीएमवर जास्त वेळ चालणार आहे? त्या उत्तरावरून पोर्टची उंची ठरवा, उंचीवरून पाइप, आणि पाइपवरून कार्ब्युरेटरचे जेट. हा क्रम पाळला, तर शंभर सीसीचे साधे इंजिनही चढावर मोठ्या गाडीला मागे टाकू शकते. उलटा धरला, तर चांगला ब्लॉक वाया जातो, आणि आरएक्सचे चांगले ब्लॉक आता थोडेच उरले आहेत.