शिक्षक मतदारसंघ नेमका कोणाचा?

महाराष्ट्र विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. राज्यघटनेच्या कलम 171 नुसार तिथे मतदान करतात ते माध्यमिक किंवा त्याहून वरच्या संस्थेत शिकवणारे शिक्षक. गेल्या 6 वर्षांत एकूण किमान 3 वर्षे अध्यापन केलेले. उमेदवार मात्र शिक्षकच हवा, असे घटना म्हणत नाही. पदवीधर मतदारसंघाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये हेच सांगितले होते: उमेदवार पदवीधर असण्याची सक्ती नाही. म्हणजे फळा-खडूशी संबंध नसलेला माणूस या जागेवर उभा राहू शकतो, पण जिल्हा परिषद शाळेत मुलांना अक्षरओळख करून देणारी प्राथमिक शिक्षिका साधे मतही देऊ शकत नाही. ही रचना मला अन्यायाची वाटते.

प्राथमिक शिक्षकांना मताधिकार दिला तर शाळेत राजकारण शिरेल, असा आक्षेप घेतला जातो. पण हेच शिक्षक विधानसभेला मतदान करतात, मतदान केंद्रेही चालवतात. त्यांना सरकारी पगार मिळतो, हे कारणही टिकत नाही, कारण अनुदानित माध्यमिक शाळांचे वेतनही राज्याच्याच तिजोरीतून येते. मतदारसंख्या फुगेल, ही अडचण खरी आहे. मात्र ती यादी आणि यंत्रणेची आहे, तत्त्वाची नव्हे. शिक्षणाचा अनुभव सभागृहात यावा हा हेतू असेल, तर पहिलीचा वर्ग त्यातून वगळता येत नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागेल, आणि ती मागणी माध्यमिक शिक्षकांनीच लावून धरली पाहिजे.