सुपरक्रॅक (प्रस्तरारोहण मार्ग)

सुपरक्रॅक हा अमेरिकेच्या युटा राज्यातील इंडियन क्रीक परिसरातील भेगेतून जाणारा पारंपरिक प्रस्तरारोहण मार्ग आहे. १९७६ साली अर्ल विगिन्स, एड वेब्स्टर व ब्रायन बेकर यांनी त्यावर पहिली चढाई केली. अमेरिकी श्रेणीपद्धतीनुसार त्याची काठिण्यपातळी ५.१० आहे. वाळवंटी वालुकाश्मावरील भेग-आरोहणाच्या इतिहासात या मार्गाला महत्त्वाचे स्थान आहे.

भूरचना

येथील उभे कडे विंगेट वालुकाश्माचे आहेत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांपासून हा खडक बनला. त्यात पडणाऱ्या उभ्या भेगांच्या दोन्ही कडा पुष्कळदा एकमेकींना समांतर असतात. भेगेबाहेर बोटांना धरण्याजोग्या खाचा क्वचितच आढळतात. त्यामुळे आरोहकाला भेगेवरच विसंबून राहावे लागते.

चढाईचे स्वरूप

मार्गाचा तळाचा आखूड भाग फसवा आहे. येथे वरच्यासारखी सलग भेग हाती लागत नाही. शरीराचा तोल सांभाळत, खडकाच्या कडेला रेटा देत मुख्य भेगेत शिरावे लागते. जमीन जवळ असल्याने हा टप्पा सोपा भासतो, परंतु धोकाही त्यामुळेच वाढतो. पहिले साधन भेगेत बसेपर्यंत दोराचा काहीच उपयोग नसतो आणि ते बसल्यानंतरही दोर ताणला जाण्यापूर्वीच पडणारा आरोहक जमिनीवर आदळू शकतो. म्हणून पहिली साधने विचारपूर्वक बसवणे आवश्यक ठरते.

त्यापुढे भेग जवळजवळ एकसारखी रुंद राहते. पंजा आत घालून अंगठा तळव्याकडे दुमडला की हात फुगून भेगेत घट्ट बसतो. पाऊल तिरके घालून गुडघा सरळ केला की तेही अडकते. शरीराचा भार पायांवर ठेवणारा आरोहक कमी थकतो. हाताची कातडी सोलवटू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे.

साधने व ऐतिहासिक महत्त्व

पहिल्या चढाईच्या वेळी नेतृत्व करणाऱ्या विगिन्स यांच्यापाशी हेक्सेंट्रिक ही ॲल्युमिनियमची षट्कोनी, पोकळ साधने होती. असे साधन निमुळत्या भेगेत चांगले रुतते. समांतर भेगेत मात्र ते निसटण्याची शक्यता असते. शिवाय खडकही मृदू होता. पडल्यास साधन टिकेल काय, याची खात्री नसताना ही चढाई पूर्ण झाली.

रे जार्डिन यांनी विकसित केलेली ‘फ्रेंड’ ही स्प्रिंगयुक्त साधने १९७८ साली बाजारात आली. दोराला झटका बसताच त्यांच्या वक्राकार पाकळ्या भेगेच्या दोन्ही कडांवर दाब देतात. त्यामुळे ती समांतर भेगेतही टिकतात. या साधनांमुळे मार्गाचा वरचा भाग पुष्कळ सुरक्षित झाला. जमिनीपासून पहिल्या साधनापर्यंतचे अंतर मात्र आजही आरोहकाला स्वतःच्या कौशल्यावरच पार करावे लागते.

संवर्धन

२०१६ साली घोषित झालेल्या बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकात हा परिसर समाविष्ट आहे. होपी, नवाहो, यूट व झुनी या मूलनिवासी समाजांसाठी ही भूमी पवित्र आहे. जवळच न्यूजपेपर रॉक हा प्राचीन शिलाचित्रांचा खडक आहे. भिजलेला वालुकाश्म ठिसूळ होतो. त्यावर पडल्यास भेगेच्या कडा तुटतात आणि साधनेही उखडतात. म्हणून पावसानंतर खडक आतपर्यंत कोरडा होईपर्यंत चढाई टाळली जाते.